लोगोतलं पान नेमकं कुठल्या झाडाचं?

प्रश्न दापोलीकडच्या एका जोडप्याचा आहे. घरची बाग आहे, त्यात रातांबे (म्हणजे कोकमाची फळं), हापूस आणि थोडा काजू. काही वर्षं कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलं ओळखीच्या लोकांना दिली. आता माल पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाऊ लागलाय, म्हणून लोगो करायचाय. ‘निसर्ग दिसला पाहिजे’ एवढीच त्यांची अट होती. डिझायनरने तीन नमुने दिले. पहिल्यात एक हिरवं पान, दुसऱ्यात डोंगर-सूर्य-लाट-माड, तिसऱ्यात आंबा. घरात तीन माणसं आणि तीन मतं. यातला कुठला घ्यावा, की निसर्ग सोडूनच द्यावा, असं त्यांनी विचारलंय.

मी सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. त्यातली निम्मी शेतमाल, मसाले, नर्सरी, दूध, लोणची-पापड अशाच गिऱ्हाइकांची. माझ्या मते तिन्ही नमुने बाजूला ठेवा. निसर्ग मात्र सोडू नका.

पानापासून सुरुवात करतो. तुमच्या डिझायनरने दाखवलेलं पान मी न बघताही सांगू शकतो. दोन कमानी एकमेकींना टेकवल्यात, मधून एक शीर गेलीय, डावीकडे गडद हिरवा आणि उजवीकडे पोपटी. बरोबर? हे पान आयुर्वेदिक साबणावर असतं, सोलर कंपनीच्या गाडीवर असतं, बिल्डरच्या ‘ग्रीन व्हॅली’च्या कमानीवर असतं, डाएट क्लिनिकच्या पाटीवरही असतं. डिझायनरला विचारा, हे पान कुठल्या झाडाचं? तो हसेल. ते कुठल्याच झाडाचं नसतं, म्हणून ते तुमचंही नाही. नाव बोटाने झाका आणि उरलेलं चित्र एखाद्या अनोळखी माणसाला दाखवा. तो ‘काहीतरी नैसर्गिक आहे’ म्हणाला, तर चित्राने काही सांगितलेलंच नाही.

आपल्या पिढीच्या बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात. त्यात निसर्गचित्राचा पेपर असायचा. समोर जास्वंदीची किंवा कण्हेरीची फांदी ठेवायचे आणि ती दिसते तशी काढायची. पान कुठे दुमडलंय, कुठे किडीने भोक पाडलंय, देठ फांदीला कुठल्या कोनात चिकटलाय, सगळं. दुसरा पेपर संकल्पचित्राचा. त्यात वर्तुळ किंवा चौकोन दिलेला असायचा आणि तो पाना-फुलांच्या आकारांनी भरायचा. लोगो म्हणजे दुसरा पेपर, पण पहिला सोडवल्याशिवाय तो नीट सुटत नाही. आजकालचे बरेच डिझायनर थेट दुसऱ्या पेपरला बसतात. इंटरनेटवरून पानाचा तयार आकार उचलायचा, गोलात बसवायचा, झालं. समोर फांदी नाहीच. त्यामुळे चूक करायलाही जागा नाही आणि काही सापडायलाही नाही.

मीही हे पाप केलंय. सांगलीकडच्या एका हळद व्यापाऱ्यासाठी मी हळदीचं पान काढलं होतं, पुण्यात बसून, आठवणीने. लांब, रुंद, मधून जाड शीर, तिच्या दोन्ही बाजूंना समांतर बारीक शिरा. देखणं झालं होतं. मी नमुना घेऊन गेलो. त्यांनी घरात आईला दाखवला. आजी चष्मा न लावताच म्हणाल्या, “केळीचं पान छान काढलंय हो.” मग त्यांनी मला परसात नेलं आणि हळदीचं पान हातात दिलं. केळीच्या शिरा मधल्या शिरेतून जवळजवळ काटकोनात फुटतात, हळदीच्या तिरक्या वर चढत टोकाकडे जातात. दोन बोटांचा फरक, पण ज्याच्या घरात हळद पिकते त्याला तो दुरून दिसतो. शेवटी पान सोडलंच. हळकुंड आडवं मोडलं की आत गडद केशरी वर्तुळ आणि भोवती फिकट कडं दिसतं, ते घेतलं. ते कुणाला केळ वाटलं नाही.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. झाडाजवळ गेल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, आणि पहिलं चित्र त्या झाडाखाली वाढलेल्या माणसाला दाखवायचं. मार्केटिंगवाल्याला नंतर.

निसर्गाचा आकार साधा करणं ही काही बाहेरून आलेली विद्या नाही. येवल्याच्या पैठणीवरचा मोर बघा. विणकराला खरी गोलाई मिळतच नाही, धागे उभे-आडवे असतात आणि वळण पायरीपायरीनेच घ्यावं लागतं. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे त्याला ठरवावंच लागतं. मोराचा तुरा राहतो, मानेचा बाक राहतो, बाकीचं जातं. मुनियाचंही तसंच, पदरावरचा तो पोपट चोच आणि शेपटी एवढ्यावर ओळखू येतो. मोबाइलच्या पडद्यावर सोळा बाय सोळा ठिपक्यांत लोगो बसवायचा असतो तेव्हा मला दर वेळी पैठणी आठवते, अडचण तीच आहे. पेशवाईतल्या वाड्यांचे सुरूदार खांबही असेच. सुरूच्या झाडाचा खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा आकार घेतला, पान एकही कोरलं नाही. तुळयांच्या खाली लोंबणारं केळफूल तेवढंच. ज्याने कुणी ते पहिल्यांदा कोरलं त्याने केळीचा घड नीट पाहिला होता.

आता तुमच्या तिसऱ्या नमुन्याकडे, आंब्याकडे येतो. आंबा आपल्याकडे हजारो वेळा साधा करून झालाय, त्याचं नावच कोयरी. साडीच्या काठावर, कुंकवाच्या करंड्यावर, मेंदीत, रांगोळीत, सगळीकडे कोयरी. ती इतकी सगळ्यांची आहे की एकट्या तुमची होणार नाही. आणि कोयरी टाळून खराखुरा हापूस काढायला गेलात तर दुसरी अडचण येते. हापूसला तोतापुरीसारखी चोच नाही, त्यामुळे बाह्यरेषेत तो एक जरा तिरका गोल राहतो. पिवळा रंग भरला नाही तर बटाटा. रंग भरला तर एप्रिल-मेमध्ये वाशीच्या बाजारात प्रत्येक पेटीवर असतो तोच अर्धा पिवळा, अर्धा केशरी आंबा, देठाला दोन पानं. शिवाय तुम्ही विकताय मुख्यतः कोकम. आंब्याचं चित्र असलेल्या बाटलीत तांबडं सरबत बघून गिऱ्हाईक गोंधळेल.

दुसरा नमुना, डोंगर-सूर्य-लाट-माड, याबद्दल फार बोलत नाही. पहिलीतल्या मुलाला ‘देखावा काढ’ म्हटलं की तो दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि भुवयांसारखे चार पक्षी काढतो. तुमच्या नमुन्यात फक्त झोपडी नाही. त्यातून लोकांना होमस्टे आठवेल, सरबत नाही. आणि चार गोष्टी असलेल्या चित्रातली एकही लक्षात राहत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगायला मला फारसं आवडत नाही, कारण त्या ऐकून छोट्या उद्योजकाला वाटतं की आपलंही तसंच होईल. पण दोन-तीन गोष्टी इथे कामाच्या आहेत. ॲपलचा १९७६चा पहिला लोगो म्हणजे झाडाखाली बसलेला न्यूटन, डोक्यावर सफरचंद, भोवती चौकट आणि फडफडती पट्टी. अगदी तुमचा डोंगर-सूर्य-लाट. पुढच्याच वर्षी रॉब जॅनॉफ या डिझायनरने झाड, न्यूटन, चौकट सगळं काढून एकच फळ ठेवलं आणि त्याला एक घास घेतला. घास का? नुसतं सफरचंद लहान आकारात चेरीसारखं दिसण्याची भीती होती, घासामुळे आकाराचं माप कळतं. ही तुमची हापूस-बटाट्याचीच अडचण आहे. फळाचं काय केलं म्हणजे ते दुसरं फळ वाटणार नाही, हा खरा प्रश्न.

नेस्लेचं घरटं मला याहून जास्त आवडतं. आडनावाचा अर्थच जर्मन बोलीत छोटं घरटं, घराण्याच्या चिन्हातही घरटं, ते हेन्री नेस्लेने १८६८ मध्ये मालासाठी वापरलं. आई पिल्लांना भरवतेय. १९८८ मध्ये त्यांनी चिन्ह साधं केलं तेव्हा आईच्या चोचीतली अळी काढली आणि तीन पिल्लांची दोन केली. शंभराहून अधिक वर्षांनी कुणीतरी बसून विचार केला की अळी हवी का! शेल या तेल कंपनीचा शिंपला तसाच. संस्थापकांच्या वडिलांचा धंदाच शिंपल्यांचा होता, नाव तिथून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा शिंपला जवळजवळ छायाचित्रासारखा होता, दर काही वर्षांनी त्यातल्या रेषा कमी होत गेल्या आणि १९७१ मध्ये रेमंड लोवी या डिझायनरने आजचा आकार दिला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. यांपैकी कुणीही ‘निसर्ग दाखवू या’ म्हणून सुरुवात केली नाही. घरटं नावात होतं, शिंपला धंद्यात होता.

आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण तर फारच गोड आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे. हा कुठल्या पुस्तकातला पक्षी नाही. विल्यम नावाचा धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत सोसायटीच्या कचेरीतच राहत होता. १९३३ मध्ये संस्थेला पन्नास वर्षं झाली तेव्हा बोधचिन्ह केलं आणि त्यावर विल्यमच बसला. भारतात पक्ष्यांच्या एवढ्या जाती असताना त्यांनी घरातला पक्षी घेतला. तुमच्या घरातला विल्यम कोण आहे, ते शोधायचंय.

मला विचाराल तर तो रातांबा आहे. माड किनाऱ्यावर सगळीकडे, आंबा देशभर, पण रातांबा कोकण-गोवा आणि त्याखालच्या सह्याद्रीच्या पट्ट्यातला. त्याचं चित्र बाजारात फारसं चांगलं कुणी काढलेलंही नाही. लेबलांवर बहुतेक वेळा एक लाल गोळा असतो, तो टोमॅटोही असू शकतो.

झाडापासून सुरू करू. रातांब्याचं झाड शंकूसारखं उभं वाढतं आणि फांद्या खाली झुकतात. बाह्यरेषा छान आहे, पण मी एकदा कागदावर काढून पाहिली आणि ते थेट नाताळचं झाड झालं. म्हणून नको. पानं? जून पान गडद हिरवं, साधं, त्यात विशेष काही नाही. पण कोवळी पालवी तांबूस येते आणि गडद हिरव्यावर ती पालवी हा रंगांचा जोड फार सुंदर आहे. आकार म्हणून नाही, रंग म्हणून ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खरा माल फळात आहे, आणि तोही कापल्यावर. रातांबा आडवा चिरला की जाड साल, आत पांढरट गर आणि त्यात गोलाकार मांडलेल्या बिया. पाच ते आठ असतात, प्रत्येक फळात वेगळ्या. सरबतासाठी तुम्ही काय करता? फळ मधोमध कापून बिया काढता आणि सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणीत रचता, बरणी उन्हात. ती वाटी! अर्धा रातांबा, आत साखर. हे तुमच्या ओटीवर दर उन्हाळ्यात होतं आणि बाटलीत साखर-पाणी-रंग-इसेन्स भरणाऱ्याकडे कधीच होत नाही. म्हणून चित्र फळाचं नको, हाताने कापलेल्या फळाचं हवं. निसर्ग आणि तुमचं काम, दोन्ही एकाच रेषेत येतात.

कापलेलं फळ वरून पाहिलं की गोल येतो, ही मोठी सोय. व्हॉट्सॲपचा डीपी गोल, बाटलीचं झाकण गोल, रबरी शिक्का गोल. पण धोकाही आहे. गोल आणि आत पाकळ्या म्हटलं की संत्र्याची चकती दिसते किंवा मँगोस्टीन दिसतो, तो तर रातांब्याचा भाऊबंदच. म्हणून तीन गोष्टींवर मी अडून बसेन. साल खरोखरच जाड दाखवायची, संत्र्यासारखी पातळ नाही. बिया टोकदार पाकळ्यांसारख्या काढायच्या नाहीत, त्या खऱ्या असतात तशा चपट्या, बदामाच्या जवळ जाणाऱ्या. आणि बाहेरचा गोल कंपासने काढायचा नाही, फळ जरासं चपटं असतं, तो चपटेपणा राहू द्यायचा. बिया किती? सात घ्या किंवा पाच घ्या, सहा आणि आठ नकोत. समसंख्या आली की डोळ्याला फूल किंवा चक्र दिसू लागतं. याला शास्त्र काही नाही, माझा अनुभव आहे.

अर्धी वाटी बाजूने दाखवायची असेल तर तेही चालेल, वरून साखरेचा छोटा उंचवटा. मात्र ते लहान आकारात कपकेकसारखं होण्याची शक्यता आहे. दोन्ही काढून बघा.

डिझायनरने पहिला नमुना दिला की तो पडद्यावर बघून ‘मस्त’ म्हणू नका. तुमचा लोगो सगळ्यात जास्त वेळा कुठे छापला जाणार आहे? वेबसाइटवर नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यावर. खोक्यावर एका रंगात, रबराच्या ठशाने छापतात, पुठ्ठा शाई पितो आणि जवळजवळच्या दोन रेषा एकमेकींत मिसळतात. दोन बियांमधली फट छापील आकारात एक मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती गेली म्हणून समजा. मग वितरकाच्या बिलावर शिक्का. मग टेम्पोच्या काचेवर रेडियम. रेडियमवाल्याकडे यंत्र कापतं, पण नको तो भाग पोरगा सुईने उचलून काढतो. तुमच्या लोगोत चाळीस बारीक तुकडे असतील तर तो वैतागून पाच-सहा तसेच ठेवतो, मी पाहिलंय. प्रदर्शनात घालायच्या टोप्यांवर भरतकाम हा तर वेगळाच प्रकार. एका नर्सरीसाठी मी पिंपळपान केलं होतं, त्याची जाळी इतकी नाजूक की मी स्वतःवरच खूश. टोप्या शिवून आल्या तेव्हा धाग्यांनी सगळी जाळी भरून टाकली होती आणि टोक तेवढं उरलं होतं. मालक म्हणाले, “हा इस्पिकचा एक्का कोणी सांगितला होता?” टोप्यांचे पैसे मी भरले.

त्यामुळे नमुना हातात आला की आधी काळ्या शाईत, लहान करून, साध्या कागदावर छापा. त्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्सची झेरॉक्स काढा. तिसऱ्या प्रतीवर रातांबा ओळखू येत असेल तर पुढे बोलू. १९६१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेने पांडा निवडला त्यामागेही हा हिशेब होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली ची-ची ही पांडा लोकप्रिय होती हे खरं, पण काळ्या-पांढऱ्यात छापता येईल आणि छपाईचा खर्च वाचेल हेही त्यांनी पाहिलं होतं.

रंग. हिरवा टाळा, निदान मुख्य रंग म्हणून. हिरवा लावला की ‘नैसर्गिक’ दिसतं असा समज आहे आणि नेमका म्हणूनच दुकानाच्या फळीवर सगळं हिरवं झालंय. त्यात पडद्यावरचा चकचकीत पोपटी चार रंगांच्या छपाईत मळकट होतो, मग प्रेसवाल्याशी भांडणं. अन्नपदार्थाच्या लेबलवर शाकाहाराची खूण, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, कायद्यानेच असते. तिच्या शेजारी तुमचा हिरवा गोल लोगो आला की दोन खुणा एकमेकींशी भांडतात.

मग लाल? थांबा. सरबताची बाटली पारदर्शक आणि आतला माल गडद तांबडा. त्यावर कोकमी रंगाचा लोगो लावला तर तो दिसणारच नाही. आणि कोकमाचा रंग उजेडात, वेळेनुसार उतरतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ताज्या सरबताशी जुळवलेला लोगो सहा महिन्यांनी त्याच बाटलीला चिडवत बसेल. मी काय करेन? लेबल मोडीत निघालेल्या जुन्या कागदासारखं, साखरेच्या पांढऱ्याकडे झुकणारं. त्यावर सालीचा जांभळट काळा, जवळजवळ वाळल्या आमसुलाचा रंग. आणि कोवळ्या पालवीचा तांबूस फक्त एका बीला किंवा नावाच्या एखाद्या मात्रेला. खोक्यावर एकच रंग, आमसुली. तपकिरी पुठ्ठ्यावर लाल शाई विटकरी होते, आमसुली गडद असल्याने टिकते.

हिरव्याचा दुसरा पैलू जरा गंभीर आहे. २००० मध्ये बीपीने हिरवं-पिवळं सूर्यफुलासारखं चिन्ह घेतलं. तेलाची कंपनी, पण चिन्हात ऊन आणि झाडं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात त्यांच्या विहिरीवर स्फोट झाला, अकरा माणसं गेली, महिनोन्‌महिने तेल वाहत राहिलं. तेव्हा लोकांनी त्याच फुलावर तेल ओघळताना काढलं. चित्र जेवढं निरागस, तेवढी थट्टा जास्त. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि त्यात शब्दांबरोबर चिन्हं आणि चित्रंही येतात. नुसता हिरवा रंग वापरला म्हणून कुणी पकडणार नाही. पण लोगोखाली ‘शंभर टक्के सेंद्रिय’ लिहिणार असाल तर प्रमाणपत्र हातात ठेवा.

तुमच्या डिझायनरने ‘वारली शैलीत करून देतो’ असं सुचवलंय, त्यावर माझं मत कडक आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. तुमच्या बागेचा पालघरच्या पाड्याशी संबंध काय? असेल तर तिथल्या चित्रकाराला गाठा, त्याला पैसे द्या, त्याचं नाव लावा. नसेल तर तारपा नाचवू नका. कमळालाही मी हात लावत नाही. फूल देखणं आहे, रांगोळीत शोभतं, पण पाटीवर आलं की पहिला प्रश्न राजकारणाचा येतो, आणि सरबत सगळ्या पक्षांचे लोक पितात.

नोंदणीचं थोडक्यात सांगतो, वकील नाही मी, पण धडपडून शिकलोय. ट्रेडमार्कच्या कायद्यात मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या खुणेला अडचण येते. आंब्यावर आंबा, ही अशीच खूण. तुमचा कापलेला रातांबाही कोकमाच्या मालावरच जाणार, म्हणून चित्राला स्वतःचं वळण हवं आणि ते नावासोबत बांधलेलं हवं. नाव मात्र ‘कोकण कोकम’ छापाचं ठेवू नका, तिथे लढायला काही उरत नाही. हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते नाव कुणा एकाच्या मालकीचं होणार नाही. मानांकनाची खूण लावायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते, आंबा विकता तर ती जरूर करा.

अर्ज वर्गवार असतो. सरबत बत्तिसाव्या वर्गात, आमसुलं आणि भाजलेले काजूगर एकोणतिसाव्यात, पेटीतला ताजा आंबा एकतिसाव्यात. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन भरलात तर सध्या एका वर्गाला ४,५०० रुपये, एरवी ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. सुरुवातीला बत्तीस आणि एकोणतीस पुरेत. पण त्याआधी चित्रांचा शोध घ्या, हे फार लोक करत नाहीत. चित्रखुणांना व्हिएन्ना वर्गीकरणाचे क्रमांक असतात. झाडं ५.१, पानं ५.३, फळं ५.७, सूर्य १.३, डोंगर ६.१. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि वर्ग टाकून शोधता येतं. ५.३ टाकून एकदा बघाच, पानांचा तो ढीग बघून तुमच्या घरातलं पहिलं मत आपोआप बदलेल.

डिझायनरकडून दोन गोष्टी लेखी घ्या. चित्राचे सगळे हक्क तुमच्या नावे केल्याचा कागद, आणि चित्र कुठल्या तयार साठ्यातून घेतलं नसल्याची हमी. विकत मिळणाऱ्या तयार चित्रांच्या परवान्यात ते ट्रेडमार्क म्हणून वापरायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. आणि एआयला ‘नॅचरल लोगो’ सांगून बघाल तर ते पुन्हा तेच पान देईल. जगातल्या सगळ्या पानांची सरासरी काढली की तेच पान उरतं.

पैशांचं विचारलं होतंत. या डिझायनरला बदलायची गरज नाही. त्याला दापोलीला बोलवा, दोन दिवस ठेवा, जेवू घाला. जाण्या-येण्याचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी जास्तीची द्या. तो नाही म्हणाला तर मग बदला.

आणि हे लवकर करा. रातांबे पाऊस लागेपर्यंतच. झाडावरून उतरवलेली पंधरा-वीस फळं वेगवेगळ्या दिशांनी कापा, काही आडवी, काही उभी. पांढऱ्या ताटात ठेवून सकाळच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढा. एकाची वाटी करून साखर भरा, तिचाही काढा. कापल्यावर रस ओघळतो, तो पुसू नका. रंग कागदावर उतरवायचा असेल तर सालीचा डाग जाड कागदावर घ्या आणि त्याच दिवशी शेजारी रंगपट्टी धरून क्रमांक लिहून ठेवा, कारण आठवड्याने तो डाग तपकिरी झालेला असेल. डिझायनर जूनच्या शेवटी यायचा म्हणाला, तर तोवर तुमच्याकडे फक्त बरणी आणि हे फोटो असतील.